झाड मारण्याची कृती

माझी भाची नववीत असतानाची गोष्ट. परीक्षेच्या आधी अभ्यासाला म्हणून ती आमच्याकडे ठाण्यात पाचपाखाडीला राहायला आली होती. संध्याकाळची वेळ, मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याशी उभी राहून इंग्रजीची उत्तरं घोकत होती. मुंबईचे इंग्रजी कवी आणि चित्रकार गीव पटेल यांची ‘ऑन किलिंग अ ट्री’ ही कविता सीबीएसईच्या नववीच्या पुस्तकात कित्येक वर्षं होती, त्या शाळांमधल्या अख्ख्या पिढीने ती अशीच घोकलेली आहे. प्रश्नही ठरलेला: कवीला काय संदेश द्यायचा आहे? उत्तर वर्गात उतरवून दिलेलं. झाडं आपले मित्र आहेत, ती तोडू नयेत, पर्यावरणाचं रक्षण करावं. दोन-तीनदा म्हणून झाल्यावर ती मध्येच थांबली. “मावशी, पण तोडू नका असं तो कुठेच म्हणत नाहीये. झाड कसं मारायचं तेच सांगतोय. एकेक पायरी करून.” मी पिठाच्या हातांनीच पुस्तक घेतलं आणि तव्यावरची पोळी उतरवून तिथेच उभ्याने कविता वाचली. ती म्हणत होती ते अगदी खरं होतं.

चार कडव्यांची कविता. झाड मारायला वेळ लागतो, एका घावात ते होत नाही, इथून ती सुरू होते आणि मग काय काय करावं लागेल ते सांगत जाते. नुसतं तोडून भागणार नाही, कारण जखम भरून येईल आणि जमिनीलगत हिरवे धुमारे फुटतील. मूळच बाहेर ओढायला हवं. इतकी वर्षं मातीत झाकून राहिलेलं, पांढरं, ओलं, सगळ्यांत हळवं असं जे काही त्या झाडाचं आहे ते उघड्यावर आणायला हवं, आणि मग ऊन-वारा पुढचं बघून घेतील. कुठे हळहळ नाही, विनवणी नाही, शेवटी बोध नाही. कुणाला खरोखरच झाड मारायचं असेल तर त्याला हा कागद हातात घेऊन काम उरकता येईल, इतकी ती चोख आहे. आणि तरीही वाचताना पोटात कालवतं. फळ्यावरून उतरवलेल्या उत्तराने मात्र पोटात काहीच होत नाही. त्या संध्याकाळी पोळ्या झाल्या, जेवणं झाली, भाची झोपली, पण मला हे सुटेना. दया दाखवणारं वाक्य गार पडतं आणि मारण्याची रीत सांगणारं वाक्य अंगावर येतं, हे कसं होतं?

त्यानंतर आमच्या गल्लीतला सोनमोहर गेला.

कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट निघालं होतं. एके दिवशी बुंध्यावर नोटिशीचा कागद दिसला, हरकती मागवणारा, आणि पावसाच्या एका सरीत त्यावरची अक्षरं फिसकटून गेली. मग थोड्या दिवसांनी टेम्पोतून माणसं आली. ठाण्यात राहणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. घोडबंदर रोडला तर रस्ता रुंद होताना आपण सगळ्यांनी ते बसच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. पण बसच्या खिडकीतून पाहणं वेगळं आणि गॅलरीत चहाचा कप घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहत राहणं वेगळं. एक बारका, काटक माणूस कमरेला दोर बांधून वर चढला. आधी त्याने शेंड्याकडच्या फांद्या हाताने हलवून पाहिल्या, कुठली पोकळ आहे, कुठली वजन घेईल. मोठी फांदी कापायच्या आधी तिला दुसऱ्या दोराने वरच्या बेचक्यात अडकवलं, म्हणजे ती खालच्या गाड्यांवर न पडता अलगद खाली यावी. मशीन करवतीचा आवाज सुरू झाला की काही बोलणंच शक्य नव्हतं. तो थांबला की भुश्शाचा ओलसर, किंचित आंबूस वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. दुपारपर्यंत हात नसलेलं खोड उभं होतं, संध्याकाळी तेही नव्हतं. कमरेएवढा बुंधा तेवढा राहिला.

त्या बुंध्याला आषाढात धुमारे फुटले. कोवळे, तांबूस टोकांचे, सालीतून थेट बाहेर आलेले. गल्लीतल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन थांबून बघायच्या. कुणीतरी बुंध्यावर हळद-कुंकूही वाहिलं. श्रावण सरत आला तेव्हा तीच माणसं जेसीबी घेऊन परत आली. मी खाली गेले. मला नक्की काय विचारायचं होतं कोण जाणे, बहुधा आता राहू द्या ना एवढं, असं काहीतरी. तो दोरवाला माणूस म्हणाला, “ताई, मुळासकट काढल्याबिगर हे मरत नाय. सोनमोहर लई चिवट.” मग त्याने जेसीबीवाल्याला बोटाने दाखवलं की पेव्हर ब्लॉकच्या खालून मूळ कुठे गेलंय, गटाराच्या भिंतीला कुठे वेढा घातलाय, कुठून पातं घातलं तर एका ओढीत येईल. त्याने आधी काही खणून पाहिलेलं नव्हतं. आणि मूळ बाहेर आलं ते त्याने दाखवलं होतं तिथूनच. मातीतून सुटताना कडकड असा जो आवाज झाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. साल खरवडली गेली तिथे आत पांढुरकं, ओलं, चकाकणारं. मी भाचीच्या पुस्तकातली ओळ न् ओळ समोर बघत होते.

त्या झाडाला आमच्या गल्लीत सर्वांत जास्त कोण ओळखत होतं? आम्ही नाही. आम्हाला एवढंच माहीत होतं की एप्रिल-मेमध्ये पिवळा सडा पडतो, गाडीच्या काचेवर पाकळ्या चिकटतात आणि खाली सावली असते. तो चढणारा माणूस त्याला ओळखत होता. त्याचं वजन, त्याचा जीव कुठे आहे, ते कशाने परत उभं राहील, कशाने नाही. ही जाणीव फार अवघड आहे आणि मला वाटतं पटेलांच्या त्या कवितेचा सगळा भार या जाणिवेवर आहे. जो मारू शकतो त्याच्याइतकं बारकाईने पाहिल्याशिवाय, काय मारलं जातंय ते आपल्याला कळतच नाही. आपली हळहळ बहुतेक वेळा न पाहता केलेली असते.

पटेल डॉक्टर होते, हे पुस्तकातल्या कविपरिचयात एका ओळीत उरकलेलं असतं. माझ्या मते सगळ्याची सुरुवात तिथून करायला हवी. 1940 मध्ये मुंबईत पारशी घरात जन्म, सेंट झेवियर्स, मग ग्रँट मेडिकल कॉलेज. काही काळ दक्षिण गुजरातेत संजाणला सरकारी नोकरी. त्यानंतर थेट 2005 पर्यंत मध्य मुंबईत जनरल प्रॅक्टिस. सर्दी-खोकला, गळवं, मधुमेह, बाळांची इंजेक्शनं बघणारा डॉक्टर. 1966 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, इंग्रजी कवी निसिम इझिकेल यांनी त्यांचा पहिला कवितासंग्रह छापला, आणि त्याच वर्षी जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन लागलं. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत ते शिकले नव्हते. पुढे नाटकंही लिहिली. ‘प्रिन्सेस’, ‘सवाक्सा’, ‘मिस्टर बेहराम’. माणूस इतक्या गोष्टी करतो तेव्हा आपण त्याला हौशी म्हणून मोकळे होतो. पटेलांच्या बाबतीत मला ते पटत नाही. दवाखाना, कागद आणि कॅनव्हास या तिन्ही ठिकाणी ते एकच काम करत होते असं मला त्यांची चित्रं आणि कविता जवळ ठेवून पाहताना सतत वाटतं. समोर आलेल्या देहाकडे पाहायचं, आणि पाहवत नसलं तरी नजर काढून घ्यायची नाही.

त्यांची शवविच्छेदनावर एक कविता आहे. साठ-सत्तर वर्षं ज्या फासळ्या माणसाने आपल्या छातीत धड, शाबूत म्हणून अनुभवल्या त्या किती पटकन मोडल्या जातात, याचं तिथे आश्चर्य आहे. दुसऱ्या संग्रहात न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाला धरून लिहिलेली कविता आहे, देहाला इजा करण्याच्या नाना तऱ्हांची. तिथेही तोच कोरडा, शिकवणीचा सूर. या कवितांच्या शेजारी ठेवून वाचली की झाडाची कविता मला वेगळीच दिसू लागते. ते झाडही एक देहच आहे. जखम, रक्त, साल भरून येणं, हे सगळे शब्द त्यांनी दवाखान्यातून उचलून तिथे नेले आहेत. पर्यावरण हा शब्द आपल्या तोंडी रुळला त्याच्या कितीतरी आधीची ही कविता आहे. ती झाडाबद्दल आहेच, पण त्याहून जास्त ती चिवटपणाबद्दल आहे. देह इतकं सगळं सोसतो तरी कसा? त्यांच्या दुसऱ्या संग्रहाच्या नावातच तो प्रश्न आहे: ‘हाउ डू यू विथस्टँड, बॉडी’.

आणि एक कविता सार्वजनिक रुग्णालयाची. ती वाचली तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. आईला घेऊन मी एका सरकारी इस्पितळात बरेच महिने जात होते. केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग, बाकाच्या कडेला टेकलेली म्हातारी माणसं, फिनेलचा वास आणि त्याखालून येणारा दुसरा वास. तिथे एक तरुण डॉक्टर होता. मान वर न करता विचारायचा, “काय होतंय?” आई सांगायला लागली की तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच पेन चालू झालेलं असायचं. घरी येताना रिक्षात आई म्हणायची, “त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही गं.” मला त्याचा भयंकर राग होता. पटेलांची कविता त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिलेली आहे. बुजरा असलेला मी किती चटकन हे सगळं शिकलो, असं तो डॉक्टर स्वतःशी म्हणतो. आवाजातली धार, चिडकी नजर, सतत घाईत असल्याचा आव. एका महिन्यात अंगात मुरलं. कुणी डॉक्टर आपल्या मग्रुरीचं असं निदान करून ठेवतो, लक्षणं क्रमाने मांडतो आणि स्वतःला सूट देत नाही, हे मी तोवर वाचलं नव्हतं. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. आईचं अर्धं राहिलेलं वाक्य अजून माझ्या कानात आहे. पण त्या टेबलामागे बसल्यावर माणसाचं काय होतं, ते मला एका रुग्णाच्या लेकीला कधीच दिसलं नसतं, ते दिसलं.

ज्या पटेलांनी स्वतःला असं धरलं त्यांनी आपल्या जमातीलाही, आपल्या जागेलाही सोडलेलं नाही. आपण ना हिंदू ना मुसलमान, मग या देशात आपलं नेमकं काय, अशा अर्थाचं लांबलचक शीर्षक असलेली त्यांची एक कविता आहे. त्यात स्वतःचं नावच शीर्षकात घातलंय. दंगलीच्या द्वेषात आपल्याला वाटा नाही, ही गोष्ट तिथे सुटकेसारखी येत नाही, काहीतरी हिरावून घेतल्यासारखी येते. टेंभी नाक्यावरून जाताना, पारशांच्या अग्यारीची शांत भिंत दिसली की ती कविता मला हमखास आठवते. भोवती नवरात्रातली गर्दी, ढोल, रोषणाई, आणि मध्ये ती भिंत. इतक्या अवघड भावनेला त्यांनी सभ्य रूप दिलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मराठी वाचकाला पटेल परके वाटायचं खरं तर कारण नाही. 1976 मध्ये मुंबईत चार कवींनी मिळून क्लिअरिंग हाउस नावाचं एक छोटं प्रकाशन काढलं: आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि आपले अरुण कोलटकर. ‘जेजुरी’ तिथूनच आली, आणि पटेलांचा दुसरा संग्रहही. मुखपृष्ठं कोलटकरांची. आपल्याकडे कोलटकरांवर भरभरून बोललं जातं, ते व्हायलाच हवं, पण त्याच वर्षी, त्याच हातांनी सजवून बाहेर पडलेलं शेजारचं पुस्तक कुणाच्या कपाटात दिसत नाही. पुढे पटेलांच्या सगळ्या कविता एकत्र आल्या त्या पोएट्रीवालाकडून, म्हणजे हेमंत दिवटे या मराठी कवीच्या प्रकाशनातून. धागे आहेतच, आपण ते ओढून बघत नाही.

मला पटेलांपाशी खऱ्या अर्थाने नेलं ते त्यांच्या विहिरींनी. नव्वदच्या दशकापासून पुढे वर्षानुवर्षं ते विहिरीत वाकून पाहण्याची चित्रं काढत राहिले. काठावरून खाली वाकलेली नजर, कडेने दगड, भेगांतून उगवलेला पाला, आणि तळाशी पाणी, ज्यात वरचं आभाळ उतरलेलं. प्रत्येक विहीर वेगळी, प्रकाश वेगळा. एखादीत पाणी जवळजवळ दिसतच नाही, नुसता उजेड आहे. एखादीत हिरवं इतकं दाटलंय की श्वास अडकतो. माझं आजोळ बोर्डीचं. नारगोल, पटेलांच्या घराण्याचं गाव, तिथून उत्तरेला, उंबरगावच्या पलीकडे, त्याच समुद्राच्या काठाने. बोर्डी-घोलवडकडे वाऱ्याला चिकूच्या चिकाचा वास, सुरूच्या बनातून येणारी सूं सूं, अर्धं बोलणं मराठीत अर्धं गुजरातीत, इराण्या-पारशांच्या वाड्या आणि त्या वाड्यांत राबणारे वारली. मे महिन्यात दुपारी सगळे झोपले की आम्ही पोरं पंपघरामागच्या विहिरीवर जायचो. डिझेलचा वास, तापलेला कठडा, आणि वाकलं की एकदम तोंडावर येणारा गारवा. दगडांच्या फटींत नेचे, पारव्यांची घरटी, पाण्यावर फिरणारे किडे. खाली आपलं डोकं काळं दिसायचं आणि त्याच्यामागे लख्ख आभाळ. हाक मारली की आवाज गोल फिरून वर यायचा, थोडा मोठा होऊन. आजी ओरडायची, “वाकू नका रे, विहीर ओढते!” आणि ती खरंच ओढायची. पोटात गोळा यायचा, पायांना मुंग्या यायच्या, तरी मागे व्हावंसं वाटायचं नाही.

पटेलांच्या चित्रांपुढे मला नेमकं हेच होतं. भीती आणि ओढ एकाच वेळी. लहानपणी त्या मुलखातल्या विहिरींत वाकून पाहण्याचा नाद त्यांनाही होता, चित्रांचं मूळ तिथे आहे. आधीच्या काळातली त्यांची चित्रं मुंबईच्या रस्त्यांची, हातगाडीशेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांची, लॅमिंग्टन रोडच्या आसपासच्या गर्दीची. मग चिरडलेलं डोकं, बुडालेली बाई, मार खाल्लेले देह. ज्या माणसाने ते सगळं डोळे न मिटता रंगवलं तोच विहिरीपाशी येऊन इतकी वर्षं वाकून राहिला, यात मला विसावा दिसत नाही. ती नजर तीच आहे. खोल काय आहे ते पाहायचं. फरक एवढाच की इथे तळाशी पोहोचलं की आभाळ भेटतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या चित्रांची कायमची ऋणी आहे.

नारगोल नावाचीही त्यांची कविता आहे. गावी गेल्यावर मागे लागणारी एक महारोगी भिकारीण, तिची चिकाटी, देणाऱ्याची टाळाटाळ, दोघांमधली ती मूक झटापट, आणि अखेर खिशाकडे जाणारा हात. त्यात दान करणाऱ्याचं समाधान कुठेही नाही. मला बोर्डीच्या एसटी स्टँडवर असाच एक म्हातारा आठवतो. आई मला पाच-दहा पैसे द्यायला पुढे ढकलायची आणि मी त्याच्या हाताकडे न बघता नाणं टाकायची. हाताला बोटं नव्हती. पटेल त्या हाताकडे बघतात. बघितल्यावर माणूस चांगला होतो असं त्यांचं म्हणणं नाही. पण न बघता दिलेलं नाणं आणि न बघता केलेली हळहळ यांत मला फार अंतर दिसत नाही. शाळेच्या वहीतलं ते संदेशाचं उत्तर त्याच जातीचं होतं.

याच पटेलांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेत वर्षानुवर्षं मुलांच्या कविता-कार्यशाळा घेतल्या. त्यातून आलेल्या मुलांच्या कवितांचं पुस्तक त्यांनी संपादित केलं, ते 2007 मध्ये साहित्य अकादमीने काढलं. तिथे कुणी मुलांना संदेश काय म्हणून विचारत असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः काही वर्षं शिकवण्या घेतल्या आहेत, त्यामुळे शिक्षकांची अडचण मला कळते. पन्नास मुलं, चाळीस मिनिटं, आणि पेपरात दोन मार्कांना तोच प्रश्न. तरीही ज्या कवीने स्वतः मुलांसोबत बसून पाहायला शिकवलं त्याचीच कविता मुलांच्या वहीत घोषवाक्य होऊन उतरते, याचं मला दुःख आहे. निदान एका तासाला मुलांना खाली मैदानात न्यावं, कुठल्याही झाडाच्या बुंध्याशी उकिडवं बसवावं, सालीला बोट लावायला सांगावं आणि मग ती कविता वाचावी. धुमारा म्हणजे काय हे ज्याने बोटाने चाचपलंय त्याला फळ्यावरच्या उत्तराची गरज पडणार नाही.

ठाण्यात बसून पटेलांबद्दल लिहायचं तर सुधीर पटवर्धनांचं नाव आल्यावाचून राहत नाही. दोघं मित्र, दोघं डॉक्टर, दोघं चित्रकार. पटवर्धन पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आले आणि 1975 पासून 2005 पर्यंत त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. पटेलांनीही प्रॅक्टिस थांबवली ती 2005 मध्येच. आमच्या शहरातल्या कितीतरी लोकांच्या छातीचे फोटो ज्यांनी उजेडासमोर धरून वाचले, त्यांनीच पोखरण रोडचा उतार, लोकलचे डबे, कारखान्यांतून सुटलेली माणसं कॅनव्हासवर आणली. ठाणेकर त्या चित्रांत स्वतःचा रस्ता ओळखू शकतो. दोन मित्रांपैकी एक नाडीवर बोट ठेवणारा, दुसरा हाडांच्या सावल्या वाचणारा. त्यांच्या संध्याकाळच्या गप्पा कशा असतील याची मी पुष्कळदा कल्पना करते. दिवसभर आजारी देह पाहून झाल्यावर माणूस पुन्हा माणसाचंच चित्र काढायला बसतो, त्याला ते नकोसं कसं होत नाही? मला वाटतं दवाखान्यात पाहणं अर्धं राहत असणार. तिथे औषध लिहायचं असतं, पुढच्याला आत बोलवायचं असतं. उरलेलं पाहणं मग रात्री घरी.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये पटेल पुण्यात गेले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मोठे लेख छापले. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते असं, की सतराव्या शतकातल्या आखो या गुजराती संतकवीचे छप्पे, म्हणजे सहा चरणांची पदं, इंग्रजीत आणायचं त्यांचं काम आता कोण हातात घेणार. किती वर्षं ते त्या छप्प्यांपाशी बसले होते. आखोही फार तिखट पाहणारा, ढोंगाला जागच्या जागी धरणारा. तुकोबांवर वाढलेल्या आपल्या कानाला तो सूर अनोळखी वाटणार नाही.

आता मला जे हवंय ते सांगते. पटवर्धनांनी 2008-09 मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे आधुनिक भारतीय चित्रकारांच्या कामाचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवलं होतं, मुंबईच्या गॅलऱ्यांत कधी पाऊल न टाकणाऱ्या माणसांना मूळ चित्रं समोर उभं राहून पाहता यावीत म्हणून. छापील चित्रात विहीर चपटी होते. कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर ती खोल जाते, हे पुस्तकात किंवा मोबाइलवर कळत नाही. कापूरबावडीला आपलं कलाभवन आहे. तिथे एकदा गीव पटेलांच्या विहिरी मांडल्या जाव्यात. शेजारी त्यांच्या कविता, मराठीत, मोठ्या अक्षरांत. पावसाळ्याआधीचा महिना उत्तम, शाळांना सुट्टी असते आणि महापालिका हद्दीत सगळीकडे फांद्यांची छाटणी चालू असते. चित्रं खासगी संग्रहांत आहेत, संग्रहालयांत आहेत, ती मिळवणं, आणणं, त्यांचा विमा, राखण, हे सोपं नाही हे मला समजतं. पण या शहरात चित्रकार आहेत, आर्किटेक्ट आहेत, कवी तर गल्लीगल्लीत आहेत, आणि चांगल्या कामाला पैसा उभा करणारी मंडळंही आहेत. कुणी हे अंगावर घेणार असेल तर कवितांच्या मराठी अनुवादाचं काम मी आजपासून सुरू करायला तयार आहे. पहिली ‘नारगोल’ घेईन.